निजल्याचं माप

मामाची तिरडी हातभर लांब झाली. खांदा द्यायला आलेली माणसं ओट्याखाली कुरकुरत होती, की एवढा बांबू कशाला घातला, माणूस तर जेमतेम पाच फुटांचा. पण चूक बांधणाऱ्याची नव्हती. त्यानं रीतीप्रमाणे सुतळी हातात घेतली होती आणि मामाचं डोक्यापासून टाचेपर्यंत माप घ्यायला तो आत निघाला होता. तेवढ्यात दाराशी बसलेली माझी आत्या काठी टेकत उठली आणि तिनं त्याच्या हातातली सुतळी ओढून घेतली.

"माप घ्यायचं न्हाय," ती म्हणाली. "अंदाजानं बांधा."

"अवं आजी, अंदाजानं कुठं तिरडी बांधत्यात व्हय?"

"लांब झाली तर झाली. त्यांच्या अंगाला दोरा लावायचा न्हाय."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आणि मामा माझ्या आईचा भाऊ. दोघांचं नातं म्हणाल तर पाव्हण्यारावळ्याचं. त्यातून याच आत्यानं एके काळी मामाला सात वर्षं आमच्या उंबऱ्याला पाय लावू दिला नव्हता. तिथं जमलेल्या नव्या पिढीला यातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. मला राग आला, पण त्या वेळी कुणाला काय सांगणार?

मामा पाटबंधारे खात्यात मोजणीदार होता. पाटाचं पाणी कुणाच्या किती रानाला गेलं, ते साखळी टाकून मोजायचं, हे त्याचं काम. सकाळी सायकलीवर टांग टाकायची आणि पाटाच्या कडेकडेनं दिवसभर हिंडायचं. मोजायची ही खोड तो बारामतीच्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत नसे. त्याच्यापुढं कुणी 'मोठं', 'लहान', 'लई' असले शब्द वापरले की तो थांबवायचा. शेजारी साप निघाला म्हणून माणसं धावत आली, तेव्हा ह्यानं जागेवरून विचारलं, "किती हात?" मामी म्हणायची, "ह्यास्नी देव जरी भेटला तरी म्हणतील, आदी भिंतीला टेकून उभा ऱ्हा." त्यांना मूलबाळ नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मामाबद्दल बोलायला लागलं की लोक दुसऱ्या वाक्याला तेच विचारतात.

आमच्याकडं शिमग्याला मामानं भाचरांना साखरेची हारकडी आणायची रीत आहे. पांढऱ्या-गुलाबी साखरेच्या पदकांचा हार गळ्यात आणि साखरेचं कडं हातात. होळीच्या संध्याकाळी ती घालून मिरवायची, मग पाडव्यापर्यंत खुंटीला टांगायची, पाडव्याला त्यातला एक हार गुढीला चढवायचा आणि गुढी उतरली की सगळे हार मोडून खायचे. त्या पंधरा दिवसांत मुंग्या आणि पोरं दोघांचाही जीव त्या खुंटीला टांगलेला असतो. बाकीचे मामा बाजारात जातात आणि दुकानात दिसतील ते हार उचलून आणतात. माझ्या मामाला ते कधी जमलं नाही.

त्याच्याकडं एक खादीची पिशवी होती. तिच्यात प्रत्येक भाच्याचा आणि भाचीचा एकेक दोरा असायचा, बरोबर त्या पोराच्या उंचीएवढा. दोऱ्याच्या टोकाला ज्याच्या त्याच्या पहिल्या झबल्याची चिंधी, म्हणजे ओळखायला सोपं. मुलाच्या उंचीएवढ्या दोऱ्याचा हार केला की तो गळ्यात घातल्यावर नेमका बेंबीवर येतो, असा त्याचा सिद्धान्त होता, आणि मी पुढं माझ्या नातवंडांवर ताडून पाहिलंय, तो खरा आहे. माघ संपायला आला की मामा ती पिशवी घेऊन हलवायाकडं जायचा आणि बजावायचा, की या दोऱ्याएवढा, वर वाढीची दोन बोटं. हलवाई कावायचा. "मोजणीदार, साखर हाय ही. रान न्हवं," असं म्हणायचा आणि शेवटी मुकाट्यानं मापाचे हार ओतून द्यायचा.

मामाला तीन बहिणी. एक बारामतीतच दिलेली, एक सुप्याला, आणि तिसरी माझी आई, बारामतीहून निरवांगीकडं जाताना पाटाच्या काठी आमची वस्ती होती तिथं. पाडव्याला तिन्ही बहिणींची पोरं मामाकडं जमायची. अकरा पोरं, दोन खोल्या आणि एक न्हाणी. सकाळी अंघोळी उरकल्या की कडुलिंबाचा पाला गुळाबरोबर चावायचा, तोंडं वाकडी करायची, आणि मग मामाच्या दाराच्या चौकटीशी रांग लावायची. गुढी उभी करायच्या आधी पोरं उभी करायची, असा त्या घरचा क्रम होता.

"उभी ऱ्हा. टाच भिंतीला. मान सरळ. श्वास सोड, सोड. हां."

मागच्या वर्षीच्या दोऱ्याशी नवा दोरा लावून बघायचा. दोन बोटांहून जास्त वाढ असली तर मामा काही बोलायचा नाही, फक्त त्या पोराच्या डोक्यावर टपली मारायचा. कमी भरली तर बहिणीकडं वळायचा. "दूध देतीस ह्याला, का नुस्ता चहा पाजतीस?" बहिणी चिडायच्या. भर सणाला सगळ्यांदेखत असलं काही ऐकून घ्यायला कुणाला आवडेल? पण सुप्याच्या मावशीच्या मधल्या मुलाच्या वेळेपासून त्यांनी तोंड उघडायचं बंद केलं. त्या वर्षी त्याचा दोरा मागच्या वर्षीएवढाच भरला. मामानं तीनदा मोजलं. पुरणपोळीला हात न लावता तो ओट्यावर जाऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन डॉक्टरांकडं गेला. मानेत गाठी होत्या त्याच्या, आतून ताप चालू होता. वर्षभर औषध झालं. आज तो मुलगा स्वतः आजोबा आहे. ही माझ्या जन्माआधीची गोष्ट. वाढ थांबली म्हणजे काय, हे मामाला त्या वर्षी कळलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

मामाची दुसरी खोड मला जास्त विचित्र वाटायची. त्याच्यासमोर कुणी आडवं व्हायचं नाही. पाडव्याचं जेवण अंगावर येतं, दुपारी सगळं घर जिथं जागा मिळेल तिथं लवंडतं. त्या वेळी मामा ओट्यावर जाऊन घराकडं पाठ करून बसायचा आणि सगळी उठेपर्यंत आत पाऊल टाकायचा नाही. एखादं पोर त्याच्या पुढ्यात पेंगायला लागलं की दचकून म्हणायचा, "ऊठ, ऊठ. बसून निज." आणि तो स्वतः तसाच निजायचा, भिंतीला पाठ लावून, गुडघ्यावर घोंगडी घेऊन. आम्ही पोरं त्याची चेष्टा करायचो. मुद्दाम त्याच्या वाटेत आडवं पडायचं आणि तो कसा तोंड फिरवून वळसा घालतो ते बघून फिदीफिदी हसायचं. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

ही खोड त्याला कुठून लागली, ते आता सांगते.

मी जुळ्यातली आहे. माझ्याबरोबर एक भाऊ जन्मला होता, माझ्याहून थोड्या वेळानं मोठा. बाळंतपण मामाच्या घरी झालं, आणि पाचवीला मामानं आम्हा दोघांचे दोरे घेतले, मामीनं दोन्ही हातांवर उचलून धरलं होतं तेव्हा. आमचं एकच पांढरं झबलं फाडून दोन्ही दोऱ्यांना चिंधी बांधली. तीन महिन्यांनी आई आम्हाला घेऊन सासरी आली आणि लगेच शिमगा आला. पहिला शिमगा. मामा होळीच्या दिवशी सकाळीच सायकलवरून दोन चिमुकले हार आणि चार कडी घेऊन हजर झाला.

वडील पाण्याच्या पाळीवर रानात होते. आई चुलीपुढं, आत्या पुरण वाटत पाट्यावर. आम्ही दोघं सोप्यात गोधडीवर निजलो होतो. मामा आमच्याजवळ बसला, आणि भावाकडं बघून त्याला काहीतरी खुपलं. त्यानं पिशवीतून दोरे काढले. आधी माझ्या अंगाला लावला. मी चार बोटं वाढले होते. मग भावाच्या अंगाला. डोक्यापासून टाचेपर्यंत. दोरा होता तेवढाच. मामानं त्याच्या कपाळाला हात लावला, आणि त्याच वेळी आत्या दारात आली.

निजल्या माणसाच्या अंगाला दोरा लावून माप कुणाचं घेतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मामाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो मोजणीदार होता, हातात दोरा आला की त्याला दुसरं काही सुचत नसे.

"आवं, काय करताय काय!" आत्या किंचाळली. "जित्या लेकराचं तिरडीचं माप घेताय?"

"आक्का, ते ऱ्हाऊ द्या. पोराला चटका लागतोय. तीन महिन्यांत बोटभर न्हाय वाढलं. गाडी जुंपा, आत्ताच्या आत्ता बारामतीला न्हेऊ."

गाडी दारात उभी होती. बैल गोठ्यात होते. पण आमच्या घराचा एक दंडक होता, की होळी पेटायच्या आत लहान मूल घेऊन कुणी शीव ओलांडायची नाही. दंडक कुणी घातला हे विचारायची सोय नव्हती. आत्या तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली होती, तिनं हे घर उभं केलं होतं आणि घरात तिचा शब्द चालायचा. "उद्या धुळवडीला न्या," ती म्हणाली. "एका रातीनं काय हुतंय?" आई मध्ये काहीच बोलली नाही. मामानं दोरे पिशवीत ठेवले. मग पाव्हण्याच्या घरी किती बोलायचं, असा विचार करून तोही गप्प बसला.

धुळवडीच्या सकाळी माझा भाऊ गेला.

माती देऊन माणसं परत आली तेव्हा आत्यानं सोप्यात सगळ्यांपुढं सांगितलं, की पाव्हण्यानं निजल्या लेकराचं माप घेतलं. तापाचं तिनं सांगितलं नाही. गाडीचंही नाही. मामा तिथं बसला होता. त्याला बोलता आलं असतं. तो उठला, पिशवी उचलली, सायकल घेतली आणि निघून गेला. त्या दिवसापासून आमच्या घराचं दार त्याला बंद झालं आणि आईचं माहेर तुटलं. इतर बहिणी पाडव्याला भावाकडं जमायच्या, तेव्हा माझी आई वस्तीवर कांदे काढायची.

आता मामाचा विक्षिप्तपणा म्हणा किंवा आणखी काही. त्यानं शिमग्याला यायचं सोडलं नाही. आमच्या वस्तीच्या अलीकडं पाटावर एक दगडी मोरी होती, गाडी जाईल एवढा पूल, तीच आमची शीव. होळीच्या दुपारी मामा मोरीच्या पलीकडं सायकल लावायचा, बाभळीच्या फांदीला एक हार अडकवायचा आणि खाली बसून राहायचा. शीव तो ओलांडत नसे. वस्तीवरनं तो दिसायचा. आत्या त्या दुपारी पाटाकडं पाठ करून बसायची. दिवस कलला की मामा सायकल वळवून जायचा, आणि मग आई वैरणीच्या निमित्तानं तिकडं जायची. हार घरात आणायची छाती नव्हती. त्यातलं एक पदक मोडून ती पदराच्या गाठीत आणायची, बाकीचा हार पाटात सोडायची. गोठ्याच्या आडोशाला मला जवळ घेऊन ते पदक तोंडात ठेवायची आणि म्हणायची, "चावू नगं. इरघळू दे." दरवर्षी होळीला आईच्या पदराला साखर कुठून येते, हे मला सात वर्षांची होईपर्यंत कळलं नाही.

त्या सातव्या वर्षीचा शिमगा मला स्पष्ट आठवतो. दोन दिवस मला ताप होता, आणि होळीच्या दुपारी गळा असा सुजला की पाण्याचा घोट उतरेना. वडील आदल्या दिवशी माळवं घेऊन गाडीनं बारामतीच्या बाजाराला गेले होते, ते अजून परतायचे होते. मी सोप्यात पडले होते. आई माझ्यापाशी बसली होती आणि दारातून पाटाकडं बघत होती. बाभळीखाली सायकल उभी होती.

 आईनं आत्याकडं जे बघितलं, ते मी तापातही पाहिलं. आत्या पाट्यावर पुरण वाटत होती. तिचा वरवंटा थांबला. ती उठली, हातसुद्धा न धुता माझ्यापाशी आली आणि तिनं मला उचलून खांद्यावर घेतलं. तिच्या हाताचं पुरण माझ्या परकराला लागलं. गुळाचा आणि जायफळाचा वास अजून माझ्या नाकात आहे.

"आक्का, शीव..." आईच्या तोंडून एवढंच निघालं.

"शीव गेली चुलीत," आत्या म्हणाली.

भर उन्हात मला घेऊन ती ढांगा टाकत पाटावर आली. मोरीपाशी तिचा पाय क्षणभर थबकला. मग तिनं मोरी ओलांडली. मामा उठून उभा राहिला होता. सात वर्षांत दोघं पहिल्यांदा समोरासमोर येत होते. मामानं कुठलीही विचारपूस केली नाही. त्यानं विचारलं, "निजलीय?"

"न्हाय. डोळं उघडं हायती."

मामानं माझ्या कपाळाला हात लावला. तो हात लगेच मागं घेतला आणि बाभळीवरचा हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला, हात मोकळे राहावेत म्हणून. आत्यानं खांद्यावरचा धडपा काढून मला त्याच्या पाठीशी उभी बांधली. गाठ मारताना ती म्हणाली, "पाव्हणं, हिला तेवढी माघारी आणा." मामानं पायडल मारलं. सायकल निघाली.

बारा-तेरा मैलांची वाट होती, आणि पाटाची वाट काही डांबरी नव्हे. मामा घामानं निथळत होता. माझ्यासाठी आणलेला साखरेचा हार त्याच्या मानेवर विरघळून सदऱ्याला चिकटला होता, आणि माझा गाल त्याला. मधून मधून तो म्हणायचा, "निजायचं न्हाय, बाय. फुडं मोरी आली की मला सांग." मला आवाज फुटत नव्हता. मोरी आली की मी त्याच्या पाठीवर बोटानं टोचायची. त्या माणसाला पाटावरची एकूण एक मोरी तोंडपाठ होती, त्याला माझ्या सांगण्याची काय गरज? पण एखादी मोरी मी चुकले की तो घाबरून हाक मारायचा. बारामती जवळ आली तेव्हा वाटेवरच्या वाड्यांमधून होळ्या पेटायला लागल्या होत्या आणि पोरं बोंबा ठोकत होती.

डॉक्टरांनी लागोपाठ इंजेक्शनं दिली. ते मामीला म्हणाले, आणखी एक रात्र काढली असती तर काही करता आलं नसतं. हे वाक्य मामी पुढं आयुष्यभर सगळ्यांना सांगायची, पण मामासमोर नाही. पाडव्यापर्यंत मी मामाकडंच होते. मी उशीला टेकून बसून निजायची, कारण मामाच्या घरी दुसरी पद्धत नव्हती.

पाडव्याला आई आली. बरोबर वडील आले, आणि त्यांच्या मागं, तांबडं लुगडं नेसलेली आत्या. ती मामाच्या दारात थांबली. मामानं पुढं होऊन म्हटलं, "या आक्का," आणि ती आत आली. मामीनं पाणी दिलं. मावश्या आपापसांत बघायला लागल्या. मग अंघोळी झाल्या, पाला चावून झाला आणि पोरांची रांग लागली. ह्या रांगेत मी पहिल्यांदाच होते.

माझी पाळी आली. मामानं माझ्या टाचा भिंतीला लावल्या, माप घेतलं आणि हातातल्या दोऱ्याकडं बघत राहिला. इतकी वर्षं मला न बघता तो बारामतीच्या मावशीच्या मुलीच्या मापानं माझे हार करून घेत होता, कारण ती माझ्याच वयाची. ती अंगानं थोराड. मी चार बोटं कमी भरले. "मी तुला मोठी धरली व्हती, बाय," तो म्हणाला, आणि इतकी माणसं भोवती असताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग मागचा दोरा काढायला त्यानं पिशवीत हात घातला. एकत्र बांधलेले दोन दोरे बाहेर आले. हात-सव्वा हाताचे, दोन्हींना एकाच पांढऱ्या झबल्याची चिंधी. मामानं गाठ सोडली, माझा एक बाजूला घेतला आणि दुसरा परत पिशवीत टाकायला लागला.

"बघू," आत्या म्हणाली.

मामानं तो तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून ताणला. माझ्या भावाची उंची तिच्या दोन हातांत होती.  मग तिनं सगळ्यांकडं तोंड केलं.

"लेकराला ताप व्हता ते मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "पहाटंपास्नं ठावं व्हतं. सण नासंल म्हणून बोलले न्हाय. ह्यांनी गाडी जुंपा म्हणलं, मी आडवलं. आन् नाव ह्यांचं घेतलं. सात वरीस हा मानूस गप ऱ्हायला."

 वडील खाली बघत होते. आत्यानं तो दोरा मामाला परत दिला, दोन पावलं पुढं आली आणि अंगणात, जिथं गुढी उभी करायची होती त्या सारवलेल्या जागेवर, रांगोळीशेजारी, सरळ आडवी झाली. पदर नीट केला. हात अंगालगत घेतले आणि डोळे मिटले.

"पाव्हणं, घ्या माजं माप."

एक-दोन पोरं हसली आणि लगेच गप झाली. मामानं तोंड फिरवलं होतं. "उठा आक्का," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "मी निजल्याचं माप घेत न्हाय."

"माहीत हाय मला. माज्यापायीच घेत न्हाय. म्हणून म्हणते, घ्या. मला काय हुतंय का, ते समद्यांनी बघावं."

"सणासुदीचं काय हे, आक्का. उठा."

"मी उठत न्हाय. गुढी उतरंस्तवर हितंच पडते."

मामी विनवायला गेली, मावशी गेली. आत्या डोळे उघडेना. ऊन चढत होतं, गुढीची काठी भिंतीला टेकून तशीच. आणि तेव्हा माझी आई, जी दोन्ही होळ्यांना एक वाक्य पुरं बोलली नव्हती, पुढं आली आणि भावाच्या हातात नवा दोरा देऊन म्हणाली, "दादा, घे माप. सुटू दे तिला."

मामा गुडघ्यांवर बसला. त्यानं दोऱ्याचं टोक आत्याच्या डोक्याशी धरलं आणि तो टाचेपर्यंत नेला. मी त्याच्या मागं उभी होते, मला त्याचा चेहरा दिसला नाही. दोरा तोडून झाल्यावर आत्या उठली, अंगावरची माती झटकली आणि लुगड्याच्या पदराची चिंधी फाडून त्या दोऱ्याला स्वतः बांधली. मग म्हणाली, "आता गुढी उभारा. पोरं भुकावल्यात."

पुढच्या शिमग्याला मामा मोरी ओलांडून आमच्या घरी आला. हार माझ्यासाठी होता, आणि एक आत्यासाठी. पन्नाशीच्या विधवेच्या गळ्यात पोरांचा साखरेचा हार. वस्तीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आत्या तो घालून घरोघर हिंडली. "पाव्हण्यानं निजवून माप घेतलंय माजं," ती प्रत्येक दारात सांगायची. "बघा, हाय का न्हाय जिती?" दर शिमग्याला ती हेच करायची, अगदी म्हातारी होईपर्यंत. मामा तिला पाडव्याच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभी करायचा आणि गंभीरपणे सांगायचा, "आक्का, यंदा अर्धं बोट कमी." पण त्यानं दुसऱ्या कुणाचं निजवून माप कधी घेतलं नाही, आणि स्वतः भिंतीला टेकून निजायचंही सोडलं नाही. तसाच बसल्या बसल्या गेला.

मामाला पोचवून माणसं परतली त्या संध्याकाळी मी आत्याशेजारी ओट्यावर बसले होते. सुतळी तिच्या मुठीत अजून होती. मी विचारलं, "आत्या, तुझं तर निजवून माप घेतलं होतं. तुला काही झालं नाही. उभा जन्म तूच ते सगळ्यांना सांगत आलीस. मग आज का अडवलंस?"

तिनं मूठ आणखी आवळली.

"माजं माप घेतलं तवा मी डोळं मिटलं व्हतं," ती म्हणाली. "पर दोरा अंगावर कळत व्हता. कपाळापास्नं टाचंपतूर कापत व्हता त्यांचा हात. मला सुटायचं व्हतं म्हणून मी त्यांच्याकडनं ते करून घितलं." तिनं मूठ उघडली आणि सुतळीकडं बघितलं. "आता त्यांच्या अंगाला कुणी दोरा लावल्याला मला बघवला नसता, बाय."